तेलाचं फडकं आणि विरघळणारी पट्टी

अण्णा, चौदा नंबरची बाटली आज सकाळी रिकामी झाली.

रिकामी म्हणजे पाणी आहे, पट्टी नाही. कालपर्यंत तळाशी नखाएवढा करडा तुकडा दिसत होता, आज तोही नाही. आपण कागदावर जो दिवस लिहिला होता, त्याच दिवशी गेली. तुम्ही असतात तर आधी विश्वासच ठेवला नसतात. चष्मा कपाळावर सरकवून, बाटली खिडकीच्या उजेडात धरून, दोनदा हलवून "गेली वाटतं" म्हणाला असतात, आणि लगेच, "पण मॅडम, बाकीच्यांचं काय?" बाकीच्यांचंही सांगते. पण आधी मला दुसरंच काही बोलायचंय आणि ते बोलायला मी दोन वर्षं उशीर केलाय.

तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. जो भेटतो तो विचारतो, "तुमचे कोण होते हो ते?" काय सांगू? मी कॉलेजात धातू आणि प्लास्टिक शिकवणारी, पंचवटीतल्या भटाघरची बाई. तुम्ही निफाडकडच्या खेड्यातून सातपूरला आलेले, कंपनीच्या टूलरूममध्ये उमेदीची सगळी वर्षं काढून, निवृत्त झाल्यावर स्वतःचा गाळा टाकलेले डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवणारे कारागीर. परवा एकाला म्हटलं, "माझे गुरुजी होते." तुम्ही ऐकलं असतं तर उखडला असतात. "कसले गुरुजी? आयटीआय पास हाय मी." हे "आयटीआय पास" तुम्ही नेहमी जरा ताठ होऊन म्हणायचात. ते मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

पहिल्यांदा तुमच्या गाळ्यात आले ती सहा ठिकाणचे नकार पचवून. मला मॅग्नेशियमच्या, कागदाहून पातळ पत्र्यातून चकलीसारखी वेटोळी पट्टी कापून हवी होती, आणि कडेला एक कूस, टोचणारा कणसुद्धा, राहता कामा नये. जो तो एकच विचारायचा, "किती नग?" मी म्हणायचे, "वीस." "वीस हजार?" "नाही हो, नुसते वीस." की चहा पाजून माझी बोळवण. तुम्ही नगांचं विचारलंच नाहीत. पत्रा दोन बोटांत धरलात, त्यावर हलकी फुंकर मारून पाहिलीत आणि म्हणालात, "लय नाजूक हाय. कुठं बसवायचं हे?"

"माणसाच्या अंगात."

तुम्ही पत्रा हळूच खाली ठेवलात आणि मला बसायला स्टूल पुढे केलंत.

मग मी सांगितलं. हाड मोडलं, डॉक्टरांनी आत सळई-स्क्रू बसवून टाके घातले, की पुढे कितीतरी आठवडे आत काय चाललंय हे नीट कळत नाही. हाडावर भार किती येतोय, आत ताप धरतोय का, पू होतोय का. म्हणून तिथेच एक इवलासा सेन्सर ठेवायचा. त्याला बॅटरी नाही, वायर नाही. बाहेरून यंत्र जवळ धरलं की तो आतली खबर देणार. हाड जुळलं की त्याचं काम संपलं, आणि मग तो काढायला पुन्हा चिरफाड नको, म्हणून तो तिथल्या तिथे विरघळून गेला पाहिजे. आपोआप विरघळणारे टाके असतात ना, सेन्सरच्या तळाचं प्लास्टिक त्याच जातीचं. वरची वेटोळी मॅग्नेशियमची, तेवढं शरीर सहज पचवतं.

तुम्ही उठलात आणि कपाटामागून एक्स-रे काढून आणलात. डावी मांडी, त्यात लांबलचक सळई आणि चार स्क्रू. सेकंड शिफ्टला जाताना त्र्यंबक रोडला मोटरसायकल घसरली होती. "दीड वर्षानं काढायची म्हणले होते डॉक्टर. म्हणलं, एकदा फाडलं तेवढं बास. ऱ्हाऊ द्या आत." थंडी पडली की पाय ठणकतो, तेही सांगितलंत. मला वाटलं आता माझ्या कामाचं महत्त्व यांना पटलं. छे! तुमचं बोट एक्स-रेवरच्या स्क्रूवर. "हे आटे बघा मॅडम. कसे एकसारखे! बनवणाऱ्याचा हात काय असेल!" स्वतःच्या मोडलेल्या मांडीचा फोटो बघून स्क्रूच्या आट्यांचं कौतुक करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. डाय तुमच्याकडेच करायची हे मी तिथेच ठरवून टाकलं.

आपलं भांडणही त्याच दिवशी सुरू झालं आणि ते मिटलेलं नाही, हे लक्षात असू द्या. तुमचं म्हणणं, चांगली वस्तू म्हणजे टिकणारी वस्तू. माझं म्हणणं, चांगली वस्तू म्हणजे काम झाल्यावर कुणाला त्रास न देता निघून जाणारी. "आयुष्यभर एकच शिकलो, वस्तू मोडता कामा नये," तुम्ही म्हणायचात, "आन् आता तुम्ही मला विरघळायची वस्तू बनवायला लावताय. म्हातारपणी बाटवलं मला." आणि माझे काका रामकुंडावर विधी सांगतात, अस्थी विसर्जनाला आलेल्या लोकांचं करतात हे कळलं तेव्हा तर तुम्हाला कोलीतच मिळालं. रामकुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा, लहानपणी मी काकांना "किती दिवसांत?" असं विचारून धपाटा खाल्ला होता, हेही मीच मूर्खासारखं सांगून बसले. त्यावर तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात. "म्हणजे विरघळवायचा धंदा तुमचा पिढीजातच की हो!"

डाय केलीत ती अशी, की पट्टीची कड भिंगाखाली बघितली तर मला मागे सरून बसावं लागलं. एक कूस नाही. कॉलेजच्या यंत्रावर परदेशातून आलेल्या नमुन्यांच्या कडा मी पाहिलेल्या आहेत, म्हणून बोलतेय. तुमच्या कामाला एक पद्धत होती. प्रत्येक नग पूर्ण झाला की डब्यात ठेवायच्या आधी खिळ्याला टांगलेल्या तेलकट फडक्यानं तो अलगद पुसायचात, आणि नग ज्या क्रमानं झाले त्याच क्रमानं डब्यात मांडायचात. तेलाचा हात फिरवल्याशिवाय तुमच्या हातून काहीच बाहेर जायचं नाही. एकदा तुम्ही स्टेनलेसची पिन पुसत होतात, तेव्हा मी टोकलं, "अण्णा, स्टेनलेसला कशाला तेल? ते गंजतंय थोडंच?" तुम्ही पुसता पुसताच म्हणालात, "त्याला नको असेल. माझ्या हाताला लागतं." मी हसले होते.

त्या हसण्याची फेड मी पुढे केली. माझ्या पट्ट्या विरघळेनात. शरीराच्या उबेवर ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या बाटल्या, त्यात एकेक पट्टी. तीन आठवड्यांत जायला हवी ती सहा आठवडे झाले तरी चकाकतेय. मी मिठावर संशय घेतला, पत्र्यावर घेतला, विद्यार्थ्यांना फाडून खाल्लं. प्रयोग पुन्हा पुन्हा लावला. पुढची चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की पट्टी सांगितलेल्या दिवशी विरघळणार असेल तरच ते हात लावतील, आणि माझ्याकडे सांगायला दिवसच नव्हता. आठ महिने असे गेले. मग एका दुपारी एका बाटलीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग तरंगताना दिसले. झाकण काढून वास घेतला. तुमच्या गाळ्याचा वास!

मी पत्रा धुऊन तुमच्याकडे पाठवायचे, तुम्ही डायवर त्याच्या पट्ट्या कापायचात, मी त्या थेट बाटलीत टाकायचे. मध्ये फडकं फिरतंय हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. रोज डोळ्यांसमोर बघत होते तरी! तेलाच्या थरातून पाणी धातूपर्यंत पोचतच नव्हतं.

तशीच स्कूटर काढून सातपूरला आले. गाळ्यात तुम्ही होतात आणि तुमची दोघं माणसं होती, ज्यांना तुम्ही कानस धरायला शिकवलंत ती. त्यांच्यादेखत मी ओरडले, "अण्णा, तुमच्या या घाणेरड्या फडक्यानं माझे आठ महिने खाल्ले! अडाण्यासारखं पुसत बसायला कुणी सांगितलं होतं?"

अडाणी. आयटीआय पास माणसाला, त्याच्याच गाळ्यात, त्याच्याच माणसांसमोर. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. खिळ्यावरचं फडकं काढलंत, चार घड्या घातल्यात, खिशात ठेवलंत. "पावसाळी हवा हाय म्हणून पुसलं, मॅडम. डाग पडले असते," एवढंच म्हणालात. मग एकाला म्हणालात, "मॅडमला चहा सांग." मी चहाला थांबलेसुद्धा नाही.

त्यानंतर तुम्ही फोन उचलला नाहीत. दोन आठवडे. मी स्वतःला समजावत होते की माझं बरोबरच होतं, चूक ती चूक. मग त्या बाटल्या फेकून द्यायला काढल्या आणि हात थांबला. वीस नंबरची बाटली रिकामी होती. एकोणीसची रिकामी. अठरामध्ये कण. सतरा, सोळा, पंधरा, प्रत्येकात आधीच्यापेक्षा जरा जास्त शिल्लक, आणि एक नंबरची पट्टी नव्या नवरीसारखी चमकत बसलेली. तुम्ही फडकं तेलात एकदाच बुडवायचात आणि त्यावर वीस नग पुसायचात. पहिल्याला तेल भरपूर, विसाव्याला जेमतेम. आणि क्रमानं मांडायची तुमची सवय, म्हणून बाटल्यांचे नंबरही त्याच क्रमानं. मी जो प्रश्न घेऊन आठ महिने डोकं आपटत होते, पट्टी किती दिवसांनी विरघळेल हे आपल्या हातात कसं आणायचं, त्याचं उत्तर त्या फडक्यानं रांगेत मांडून ठेवलं होतं.

तुमच्या घरी आले तेव्हा दार तुमच्या मुलीनं, मनीषानं उघडलं. तुम्ही बाहेरच्या खोलीत लसूण सोलत होतात. "या मॅडम," म्हणालात, जणू कालच भेटलो होतो. मी बाटल्यांचं सगळं सांगितलं. तुम्ही लसूण बाजूला ठेवलात. "म्हणजे थर जाड तर दिवस जास्त."

"हो. पण मशीनचं तेल माणसाच्या अंगात कसं घालायचं?"

तुम्ही म्हणालात, "मेण चालतं का अंगाला? मधमाशीचं. आमची आई टाचांना भेगा पडल्या की मेण आन् खोबरेल लावायची."

अण्णा, मी त्या विषयात डॉक्टरेट केलेली बाई. आणि हे तुम्ही मला लसणाची सालं झटकत सांगितलंत. घरी जाऊन वाचलं तर मेणाच्या थरावर लोक खरंच काम करतायत! तुम्ही मात्र एक ओळ न वाचता, आईच्या टाचांवरून तिथे पोचला होतात.

निघताना दारात मी अडखळत म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मी जे..." तुम्ही मला पुरं करू दिलं नाहीत. "पत्रा कधी पाठवताय?" म्हणालात. मी सुटले. हो, खरं सांगते, मला सुटल्यासारखंच वाटलं. तुम्ही मोठेपणानं दार उघडं ठेवलंत आणि मी त्यातून पळ काढला. नंतर दोन वर्षं रोज भेटत होतो, रोज वाटायचं आज बोलू, आणि रोज काहीतरी कामाचंच बोलायचो.

काम मात्र काय केलंत! आधी हातानं मेण लावलंत, कोमट फडक्यानं, अंगठ्याच्या दाबावर. तुमचा थर माझ्या यंत्रानं मोजला तर सगळीकडे सारखा. माझा थर म्हणजे पुरणपोळीची कड. मी म्हटलं, "हे तुम्हीच करायचं," तर तुम्ही चिडलात. "माझ्या हातावर काम ठेवू नका. हात आज हाय, उद्या नाय." मग जुन्या ड्रिल मशीनचा दांडा आणि भिंतीवरच्या घड्याळाची मोटर जोडून तुम्ही ते उचलणं बनवलंत, जे पट्टीला मेणात बुडवून मुंगीच्या पावलानं वर काढतं. हळू काढली तर थर पातळ, जोरात काढली तर जाड. बाहेरून बघायला आलेली शहाणी माणसं त्याच्याकडे बघून हसली आणि मोजमापं बघून गप्प झाली. मी सगळ्यांना सांगायचे, मेणाची कल्पना अण्णांची, यंत्र अण्णांचं. तुम्ही कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचात. कौतुक मी चारचौघांत खूप केलं. पण अडाणी म्हणाले होते तेही चारचौघांतच, आणि त्याची भरपाई कौतुकानं होत नाही.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मनीषा अस्थी गोळा करायला गेली. विधी माझ्या काकांनीच सांगितले, तुमच्या भाषेत सांगायचं तर पिढीजात धंद्याप्रमाणे. मी रामकुंडाच्या पायरीवर उभी होते आणि रडत होते आणि मनात मेलं "किती दिवसांत?" हेच येत होतं. माफ करा. तुम्हाला हसूच आलं असतं. सगळं झाल्यावर मनीषानं रुमालात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. तुमची सळई आणि चारही स्क्रू. "तुमचे काका म्हणाले, धातू पाण्यात सोडायचा नाही. माझा तर घरात ठेवायला जीव होत नाही, मॅडम. तुम्ही ठेवा." जाळातून निघून काळीनिळी झालेली, पण आटे अजून जसेच्या तसे. तुमचं खरं होतं, बनवणाऱ्याचा हात चांगला होता. आणि माझंही खरं होतं, अण्णा. ही गोष्ट इतकी वर्षं तुमच्या मांडीत ठणकत राहायला नको होती. आपलं काम तुमच्या अपघाताआधी झालं असतं, हाड जुळल्याची पक्की खबर मिळाली असती, तर ती वेळेवर काढायचं धाडस तुम्हाला झालं असतं की नाही, माहीत नाही. पण पुढच्या कुणाच्या तरी अंगात निदान सेन्सर तरी मागे उरणार नाही.

तर बाकीच्यांचं. मेण लावलेल्या वीसच्या वीस गेल्या. एखादा दिवस पुढेमागे, पण ज्या क्रमानं जायला सांगितल्या त्या क्रमानं. चौदा तेवढी शेवटपर्यंत राहिली होती, कारण तिला सगळ्यात जाड थर तुम्ही मुद्दाम दिला होतात. "एक तरी टिकू द्या की," म्हणाला होतात. डॉक्टरांना कळवलं. त्यांनी पट्ट्या मागवल्यात.

ते कळवून झालं आणि मी सळई घेऊन गाळ्यात गेले. तुमची दोघं माणसं कामावर होती. मशीन बंद करायला सांगितलं आणि उभ्या उभ्या म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी मी इथे तुमच्यासमोर अण्णांना अडाणी म्हणाले. चूक माझी होती. पट्टी पुसू नका हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. मला माफी मागायची आहे, आणि ते नाहीत, म्हणून तुमच्यासमोर मागते." त्यातला थोरला खाली बघत म्हणाला, "मॅडम, तुम्ही गेल्यावर अण्णांनी आम्हाला दम भरला होता. म्हणले, मॅडमबद्दल कोणी काय बोलायचं नाय. काम अडलंय त्यांचं."

माझं चुकलं, अण्णा. लय चुकलं.

फडकं पुन्हा त्याच खिळ्याला होतं. ते काढलं आणि सळई पुसायला घेतली, सगळीकडून, आट्यांच्या फटींतूनसुद्धा, तुम्ही पुसायचात तशी. धाकटा बघत होता. म्हणाला, "मॅडम, स्टेनलेस हाय ते. त्याला तेल कशाला?"

"त्याला नको असेल," मी म्हटलं. "माझ्या हाताला लागतं."